तो एक कागद कोरा ठेवू नका



पदवी परीक्षेचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न उठतो : आता पुढे काय? पूर्वी हा प्रश्न बहुधा नोकरीपाशी येऊन थांबत असे. आज आपल्या मुलामुलींपैकी काही जण मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबाद येथील विद्यापीठांतून पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहतात, आणि काहींची दृष्टी लंडन-न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली आहे. ही समाधानाची गोष्ट होय. परंतु असे अर्ज भरताना एका लहानशा जागी आपले विद्यार्थी वारंवार अडखळतात आणि त्या अडखळण्याची फार मोठी किंमत देतात, म्हणून हा लेख लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

अर्जात गुणपत्रके मागितलेली असतात, प्राध्यापकांची शिफारसपत्रे मागितलेली असतात, शिक्षणाचा हेतू सांगणारा निबंध मागितलेला असतो. त्याखेरीज आणखी एक रकाना असतो : ‘सी. व्ही. जोडा’. सी. व्ही. म्हणजे अर्जदाराने स्वतः लिहिलेले आपल्या शिक्षणाचे व कार्याचे संक्षिप्त वृत्त. त्याला आपण जीवनवृत्त म्हणू. काही विद्यापीठे ते सक्तीने मागतात, तर काही त्यापुढे ‘ऐच्छिक’ असा शब्द घालतात. हा शब्द दिसला की आपला विद्यार्थी रकाना मोकळा ठेवून पुढे जातो. कारण विचारले तर तो म्हणतो, “माझ्याजवळ लिहिण्यासारखे आहे तरी काय?” हे उत्तर चुकीचे आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याच्या मागे वडिलार्जित नावलौकिक उभा आहे, त्याला तो कागद कोरा ठेवणे कदाचित परवडेल. आपल्याला ते परवडणारे नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या घरांत ‘बायोडेटा’ हा शब्द सर्वांना ठाऊक आहे, आणि तो ठाऊक आहे तो लग्नाच्या निमित्ताने. त्या कागदावर मुलाचे अथवा मुलीचे नाव, जन्मतारीख, उंची, वर्ण, वडिलांचा व्यवसाय, मामांचे गाव आणि कोपऱ्यात छायाचित्र असते. आपले विद्यार्थी पुष्कळदा हाच साचा घेऊन त्यात दोन ओळी शिक्षणाच्या घालतात आणि विद्यापीठाकडे धाडतात. विलायतेतील व अमेरिकेतील विद्यापीठांना यांपैकी कशाचीच आवश्यकता नसते. छायाचित्र नको, वय नको, धर्म नको, विवाहित की अविवाहित हेही नको. तुम्ही कोणाच्या पोटी जन्मला हे तेथे कोणी विचारलेले नाही. तुम्ही काय शिकला आणि काय केले एवढेच विचारलेले आहे. वाचकहो, जन्म विचारणाऱ्या समाजाविरुद्ध ज्यांनी आयुष्यभर झगडा केला, त्यांच्या मुलांनी कर्तृत्व विचारणारा हा एकुलता एक कागद कोरा सोडावा, याहून विपरीत गोष्ट कोणती?

या बाबतीत आपल्यासमोर प्रत्यक्ष बाबासाहेबांचे उदाहरण आहे, आणि ते फारसे सांगितले जात नाही. १९२१ साली बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते. त्याच वर्षी त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. अर्ज जर्मन भाषेत, स्वतःच्या हस्ताक्षरात होता. त्यासोबत त्यांनी आपले जीवनवृत्तही स्वतःच्या हाताने जर्मनमध्ये लिहून जोडले. हे कागद बॉन विद्यापीठाच्या दप्तरात जपून ठेवलेले आहेत. त्यांना प्रवेश मिळाला होता. पुढे त्यांनी तेथील शिक्षण चालू ठेवले नाही आणि लंडनचेच कार्य तडीस नेले, ही गोष्ट वेगळी. आपण पाहावयाचे ते हे की, त्या वेळी त्यांच्याजवळ मुंबई विद्यापीठाची बी. ए. आणि कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. या पदव्या होत्या, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील अध्यापकाचा अनुभव होता, १९१९ साली साउथबरो समितीपुढे दिलेली साक्ष होती आणि १९२० साली काढलेले ‘मूकनायक’ होते. इतके असूनही ‘माझी गुणपत्रके पाहा म्हणजे झाले’ असे त्यांनी म्हटले नाही. परक्या भाषेत, जिचे प्राथमिक शिक्षण त्यांनी कोलंबियात घेतले होते त्या भाषेत, बसून त्यांनी आपले वृत्त लिहिले.

गुणपत्रकाचेच म्हणाल तर १९०७ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. केवळ या आकड्यावर कोणी निर्णय केला असता तर पुढचा इतिहास कसा घडला असता? परंतु कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी या विद्यार्थ्याचे वाचन पाहिले होते. त्यांनी शब्द टाकला आणि सयाजीराव महाराजांकडून साहाय्य मिळाले. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. तेथे तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम घेतले. राज्यशास्त्र, फ्रेंच व जर्मन ही त्याखेरीज. १९१६ सालच्या मे महिन्यात भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध त्यांनी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचला. त्याच वर्षी ते लंडनला निघाले तेव्हा प्रा. सेलिग्मन यांनी तेथील प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले. मॅट्रिकचा आकडा आता मागे पडला होता. केलेले काम पुढे आले होते.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही की, गुणपत्रक माणसाचा एक अंश सांगते, सर्व माणूस सांगत नाही. दुसरी ही की, केळुसकर गुरुजी किंवा सेलिग्मन यांच्यासारखा शब्द टाकणारा प्रत्येकाला लाभत नाही. आपल्या पुष्कळ विद्यार्थ्यांना शिफारसपत्र देणारे प्राध्यापक त्यांना नावानिशी ओळखतही नसतात. दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलीविषयी ते दोन ठरावीक ओळींपलीकडे काय लिहिणार? ज्याच्यासाठी बोलणारा कोणी नाही, त्याने स्वतः बोलले पाहिजे. जीवनवृत्त ही अर्जदाराची स्वतःची साक्ष आहे. शिवाय ते जवळ असले तर शिफारस करणाऱ्या प्राध्यापकांच्या हातीही देता येते, म्हणजे त्यांच्या पत्रातही चार खऱ्या गोष्टी उतरतात.

आता “लिहिण्यासारखे काही नाही” या आक्षेपाकडे वळू. विद्यापीठापासून गाव जितके दूर, तितका हा आक्षेप मोठा वाटतो. म्हणून त्याची परीक्षा अशाच एखाद्या दूरच्या गावी करणे योग्य होईल. पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यातले सूर्यमाळ घ्या. उंच पठारावरचे, थंड हवेचे हे गाव. भोवती नागली आणि वरईची शेते. पीक घरात आले की दिवाळीनंतर या भागातील कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. हा तोच जव्हार-मोखाड्याचा मुलूख, ज्यातील वावर-वांगणीचे बालमृत्यू १९९२-९३ साली साऱ्या महाराष्ट्रापुढे आले. याच मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण उभे आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते, आणि तालुक्यातील पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते.

अशा परिसरातील आपल्या एखाद्या घरातली मुलगी डोळ्यांपुढे आणा. ती मोखाड्याच्या किंवा जव्हारच्या महाविद्यालयातून पदवीधर झाली आहे. आता तिला सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे आहे. शहरातील विद्यार्थ्याच्या जीवनवृत्तात एखाद्या मोठ्या कंपनीत दोन महिने घेतलेला अनुभव असतो, परिषदेत वाचलेला निबंध असतो, तो तिच्याजवळ नाही. म्हणून ती म्हणते, मी काय लिहू?

परंतु तिला नीट विचारा. सुट्टीत ती अंगणवाडी सेविकेबरोबर मुलांची वजने घेऊन नोंदवहीत उतरवीत होती काय? दवाखान्यात वारली बोलणाऱ्या आयाबाया आणि मराठी बोलणारे डॉक्टर यांच्यामध्ये ती दुभाषी म्हणून उभी राहत होती काय? आईवडिलांबरोबर भट्टीवर असताना तिने तेथल्या पोरांना अक्षरे शिकविली काय? रोजगार हमीच्या कामावरील मजुरांना हजेरीचा हिशेब वाचून दाखविला काय? बुद्धविहारात सायंकाळी अभ्यासिका चालविली काय? यांतील प्रत्येक गोष्ट हे काम आहे. सार्वजनिक आरोग्य शिकविणाऱ्या विद्यापीठाला कुपोषणाच्या प्रदेशात मुलांची वजने स्वतः घेतलेल्या विद्यार्थिनीचा अनुभव क्षुल्लक वाटेल असे मानण्याचे कारण नाही. तो तिलाच क्षुल्लक वाटतो, कारण पिढ्यानुपिढ्या आपल्या श्रमाला कोणी काम म्हटले नाही. वेठ म्हटले, कर्तव्य म्हटले, नशीब म्हटले. आपल्या मुलांनी तोच हिशेब पुढे चालवावा काय, हा खरा प्रश्न आहे.

तिने केवळ इतकेच लिहावे : अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत, अमुक पाड्यावर, सहा वर्षांखालील इतक्या मुलांची दरमहा वजने घेण्यास साहाय्य केले व नोंदी ठेवल्या. काळ, स्थळ, संख्या आणि कृती. ‘मला समाजसेवेची आवड आहे’ असे दहा वेळा लिहिण्याहून ही एक ओळ अधिक वजनाची आहे. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘ध्येयवादी’ ही विशेषणे जीवनवृत्तात नसावीत. ती वाचणाऱ्याने आपल्या कामावरून ठरवावयाची असतात. दारिद्र्याची कहाणीही येथे मांडू नये. तिला जागा हवी असेल तर ती हेतूच्या निबंधात आहे. भट्टीमुळे शिक्षणात एक वर्ष खंड पडला असेल तर जीवनवृत्तात त्या वर्षापुढे ‘कुटुंबासाठी मजुरी’ असे सरळ लिहावे. रिकामे वर्ष संशय उत्पन्न करते. मजुरीचे वर्ष आदर उत्पन्न करू शकते.

दुसरा आक्षेप असा की, हीच माहिती अर्जात अन्यत्र भरलेली असते, मग पुन्हा कशाला? अर्जातील रकाने विद्यापीठाने आखलेले असतात. त्यांत ‘पगारी नोकरी’ असा रकाना असतो. ‘पाड्यावरची अभ्यासिका’ असा रकाना कोणी आखलेला नसतो. जीवनवृत्त हा असा कागद आहे की ज्यावरील मथळे तुम्ही स्वतः ठरविता. अर्थात विद्यापीठाने ‘सी. व्ही. जोडू नये’ असे स्पष्ट म्हटले असेल तर जोडू नये, आणि पानांची मर्यादा घातली असेल तर ती पाळावी. परंतु ‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ ‘अनावश्यक’ असा करू नये.

तिसरा आक्षेप नाजूक आहे, आणि तो बहुधा मोठ्याने बोलला जात नाही. जयंती उत्सव समितीचे काम, विहारातील अभ्यासिका, आंबेडकरी विद्यार्थी संघटनेचे चिटणीसपद : हे लिहिले तर जात कळेल आणि निवड करणाऱ्याचे मन कलुषित होईल, ही ती भीती. ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. जात समुद्र ओलांडून जाते, हे आता तिकडील संस्थांनीही मान्य केले आहे. अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली आपल्या भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला. २०२३ साली सिअ‍ॅटल शहराने जातीय भेदभावाला कायद्याने बंदी घातली. रोग नसता तर औषध कशाला हवे होते? म्हणून काय लिहावे आणि काय वगळावे हा निर्णय ज्याच्या-त्याच्या हाती असला पाहिजे. त्याबद्दल कोणी कोणाला भित्रा म्हणू नये. मात्र आमचा सल्ला विचाराल तर तो असा : जात म्हणून काही लिहू नका, काम म्हणून जे केले ते लपवू नका. पाच वर्षे अभ्यासिका चालविली असेल तर ती अनुभवाची पाच वर्षे आहेत. ती खोडून टाकली तर कागदावर उरते ते बाविसाव्या वर्षापर्यंत काहीच न केलेले माणूस; आणि ते खोटे चित्र आपणच आपल्या हाताने रंगविलेले असते.

येथे शिष्यवृत्तीचाही उलगडा केला पाहिजे, कारण दोन कागदांची गल्लत नेहमी होते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि तिचा लाभ वर्षाला ७५ विद्यार्थ्यांना मिळतो. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. १९९० च्या कायद्यान्वये बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्या सवलती मिळू लागल्या, हे आपणास ठाऊकच आहे. अनुसूचित जमातींच्या बाबतीत धर्माची अट नाही. म्हणून सूर्यमाळच्या परिसरातील ज्या आदिवासी कुटुंबांनी धम्म स्वीकारला, त्यांच्या मुलांचा जमातीचा हक्क त्यामुळे जात नाही. त्यांनी आदिवासी विकास विभागाकडे चौकशी करावी. या सर्व ठिकाणी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला अवश्य लागतो. तेथे तो अभिमानाने, हक्काने द्यावा. परंतु त्या दाखल्यांची जागा शिष्यवृत्तीच्या अर्जात आहे, विद्यापीठाला धाडावयाच्या जीवनवृत्तात नाही. शिवाय या शिष्यवृत्त्यांसाठी आधी विद्यापीठात प्रवेश मिळालेला असावा लागतो. म्हणजे पहिला दरवाजा विद्यापीठाचा, आणि तेथे हक्काचा दाखला चालत नाही. तेथे आपल्या कामाचा कागद चालतो.

आणखी एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. पैसे घेऊन जीवनवृत्त तयार करून देणारे दलाल आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहेत. ते न केलेले संशोधन लिहितात, न घेतलेले प्रशिक्षण लिहितात, आणि शंभर विद्यार्थ्यांना एकच मजकूर विकतात. आई मंगळसूत्र गहाण ठेवून हे पैसे देते. वाचकहो, असा एक खोटा शब्द उघडकीस आला तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो, आणि मुलाबरोबर मागून येणाऱ्या दहा मुलांची पत जाते. ज्या समाजाची प्रत्येक गोष्ट संशयाने पाहिली जाते, त्याने सत्याला अधिकच घट्ट धरले पाहिजे. वीस मुले असतील तर वीस लिहा, चाळीस लिहू नका. वीस पुरेशी आहेत.

लिहिण्याची रीत अवघड नाही. पदव्युत्तर प्रवेशासाठी एक किंवा दोन पाने पुरतात. वर नाव, पत्ता, दूरध्वनी व ईमेल. त्याखाली शिक्षण, सर्वांत अलीकडचे प्रथम. मग पदवीच्या वर्षात केलेला प्रकल्प किंवा लिहिलेला निबंध. मग काम, पगारी असो वा बिनपगारी. मग पारितोषिके असल्यास ती. मग भाषा, आणि येथे वारली, कातकरी, ठाकरी, कोकणी यांपैकी येणारी प्रत्येक बोली लिहावी, कारण क्षेत्रीय अभ्यासात ते मोठे साधन आहे. शेवटी संगणकाचे ज्ञान. अक्षर एकाच प्रकारचे व साधे असावे. तारखा गुणपत्रकाशी तंतोतंत जुळाव्यात. नावाकडे विशेष लक्ष द्यावे : आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी आडनावे बदलली आहेत, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, पदवीवर दुसरे, पारपत्रावर तिसरे असे घडते. राजपत्रात नाव बदलल्याची नोंद करून घ्यावी आणि सर्वत्र एकच नाव, एकाच वर्णलेखनाने लिहावे. लिहून झाल्यावर आपल्याहून वर्ष-दोन वर्षे पुढे गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याकडून ते तपासून घ्यावे.

शेवटी आईबापांना दोन शब्द. आपल्याला हे कागद वाचता येत नसतील. म्हणून आपला काही भाग नाही असे समजू नका. मुलगी दहावीत गेली की एक वही तिच्या हाती द्या, आणि ज्या दिवशी ती काही काम करील त्या दिवशी तारीख घालून दोन ओळी लिहावयास सांगा. प्रमाणपत्र मिळाले तर ते घराच्या आढ्याला खोचू नका, पत्र्याच्या पेटीत ठेवा. गावच्या विहार समितीने अभ्यासिकेचे हजेरीपत्रक ठेवावे आणि चालविणाऱ्या मुलामुलींना सही-शिक्क्याचे पत्र द्यावे. यास फार खर्च लागत नाही. चार वर्षांनी अर्जाचा दिवस उगवेल तेव्हा त्या वहीतून जीवनवृत्त आपोआप उभे राहील, आणि “माझ्याजवळ काय आहे?” असे म्हणण्याची पाळी तिच्यावर येणार नाही.

बॉनच्या दप्तरातील तो कागद शंभर वर्षांनंतरही टिकून आहे. तो लिहिणाऱ्याला स्वतःविषयी लिहिण्यात कमीपणा वाटला नाही. सूर्यमाळच्या पठारावरून, नाहीतर आपल्या गावातून, यंदा जो अर्ज निघेल, त्यातील तो रकाना भरलेला असावा. आज रात्री आपल्या मुलांना घेऊन बसा, आणि त्यांनी आजवर काय काय केले ते त्यांच्याकडूनच लिहवून घ्या.